बेगार नाही काका, पण तुमचं अर्धं म्हणणं खरंय

नमस्कार काका,

आमच्या इकोव्हिलेजबद्दल, म्हणजे सात घरांनी मिळून श्रमदानानं चालवलेल्या वस्तीबद्दल, तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया रात्री जेवताना सगळ्यांना वाचून दाखवली, त्यावर बरंच बोलणं झालं म्हणून उत्तराला चार दिवस लागले. बाकीच्यांना कळावं म्हणून तुमचे मुद्दे तुमच्याच शब्दांत परत लिहिते. आठवड्याला चार तास सक्तीचं काम म्हणजे बेगारच, नाव श्रमदान दिलं म्हणून काय झालं. हे पैसेवाल्यांचं शनिवार-रविवारचं फार्महाऊस आहे. सावड, इर्जिक म्हणजे एकमेकांच्या रानात मिळून काम करणं आपल्या गावांत आधीपासून होतंच, मग इकोव्हिलेज कशाला म्हणायचं. आणि शेवटी, माझे गुडघे गेलेत, मला काय चर खणायला लावणार का.

फार्महाऊसचं आधी बोलते, कारण ते पहिल्या वर्षी खरंच होतं. सात घरांपैकी दोन घरं पुण्याहून महिन्यातनं एकदा यायची, आणि आम्हीच ठरवलेलं की ज्याला जमत नाही त्यानं तासाचे पैसे भरावेत, त्यातनं शेजारच्या वाडीवरच्या बायका मजुरीला लावायच्या. तेव्हा ते बरोबर वाटलं. पण वर्षभरात असं झालं की पैसे भरणारे मीटिंगमध्ये मालकासारखं बोलायला लागले, पाट्या उचलणारे गप्प बसायला लागले, आणि ज्या बायका खरं काम करत होत्या त्यांना तर मीटिंगला कुणी बोलवतच नव्हतं. मग तो नियम काढला, कामाच्या बदल्यात पैसे चालणार नाहीत. एक घर त्यापायी सोडून गेलं, त्याचं अजून वाईट वाटतं मला, पण नियम परत आणणार नाही. आजच्या इस्राएलमध्ये 1910 ला देगानियात पहिला किबुत्झ, म्हणजे सामुदायिक शेतीची वस्ती, झाला, सगळ्यांना सारखं काम सारखा वाटा, आणि पुढं बहुतेक किबुत्झांनी कामाप्रमाणं वेगळे पगार सुरू केले, म्हणजे ही ओढ सगळीकडंच असते आणि तिच्याकडं रोज लक्ष द्यावं लागतं.

आता बेगार. बेगारीत काम एकाचं, फायदा दुसऱ्याचा, आणि नाही म्हणायची सोय नसते. इर्जिकीत आज तुमच्या रानात, उद्या माझ्या, आणि ज्याच्या रानात काम त्याच्या घरी जेवण. आपण सोलापूरकर तर सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातनं तळं उभं केलं हे ऐकतच मोठे झालो की, त्याला कुणी बेगार म्हणत नाही.

पण काका, जुन्या गावाबद्दल तुम्ही फार गोड लिहिलंय आणि तिथं मला पटत नाही. माझे आजोबा सांगायचे, एक बैल ह्याचा एक त्याचा असा वारंगुळा करायचे आणि पेरणी उरकायचे. छान होतं. पण ज्याच्याकडं बैलच नाही, रानच नाही, त्याला कोण बोलवणार? तो मजुरीलाच जायचा, आणि गावाची घाण कुणी काढायची हे तर जन्मावरनंच ठरलेलं. म्हणून आमच्याकडं सगळ्यात महत्त्वाचं काम बांधबंदिस्ती नाही, संडास आहे. दोन खड्ड्यांचा आहे, एक भरला की झाकून वर्षभर सोडायचा तोवर दुसरा वापरायचा, रोज राख आणि पालापाचोळा टाकायचा, आणि वर्षानं खड्डा उपसून खत झाडांना घालायचं. पाळी सगळ्यांना, डॉक्टरला पण आणि मला पण. कोकणातले गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात हेच केलं, संडास असा बांधायचा की मैला उचलायला कुणा एका जातीचा माणूस लागू नये. पहिल्यांदा खड्डा उघडायची पाळी आली तेव्हा दोघं जण त्या दिवशी गावाला गेले, त्यांच्यावाचून उपसला, आणि आतली माती काळी, भुसभुशीत, वास नाही. पुढच्या वेळी दोघंही आले.

स्वयंपाकाचं तुम्ही विचारलं नाहीत पण तीच आमची मोठी चूक होती. एक वर्ष चर खणण्याचे तास वहीत लिहिले आणि भाकरीचे लिहिलेच नाहीत. एप्रिलमध्ये 42 डिग्रीत चुलीपुढं बसून पन्नास भाकरी थापणं हे काम नाही तर काय आहे? एका ताईनं भर मीटिंगमध्ये वही बंद करून ठेवली तेव्हा डोळे उघडले. आता तासाला तास, भाकरी असो नाहीतर फावडं, आणि दोन पुरुष चांगल्या भाकरी करतात. संध्याकाळी ओट्यावर गप्पा रंगतात त्या पण तेव्हापासनंच, आधी बायका जेवणं उरकेपर्यंत दमून झोपायच्या.

नावाचं म्हणाल तर इर्जिक म्हणा, काही अडत नाही.

आणि तुमचे गुडघे. आमच्याकडं 74 वर्षांच्या एक आजी आहेत, त्या फावड्याला हात लावत नाहीत. मालदांडी ज्वारी काढायच्या आधी रानातनं हळूहळू फिरतात, कुठली कणसं बियाण्याला ठेवायची ते बघून ताटाला चिंधी बांधतात, आणि त्यांनी चिंधी बांधलेलं ताट कुणी मोडत नाही. नंतर बसून शेंगा फोडतात. ते सगळे तास वहीत लागतात. त्यांची नजर आता कमी झालीय, बरोबर फिरायला कुणीतरी ज्वारीतलं कळणारं हवंय. जानेवारीत हुरड्याला या, तेव्हा त्यांच्याबरोबर रानात एक चक्कर मारा.