पत्रक आलं, मुदत गेली

कॉर्फबॉल म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, ‘म्हणजे बास्केटबॉलच ना?’ नाही हो. 1902 साली नेदरलँड्समधल्या एका शिक्षकाने काढलेला खेळ. एका संघात 4 पुरुष, 4 महिला, टोपली साडेतीन मीटर उंचावर, आणि चेंडू घेऊन पळायचं नाही. हे सगळं खेळाडूंनी सांगत फिरायचं. मग राष्ट्रीय महासंघाने काय करायचं? सत्कार!

त्यांची वेबसाइट उघडा. वरपासून खालपर्यंत पुष्पगुच्छ. उपांत्य फेरीत कोण हरलं, गोल किती झाले, पत्ता नाही. नियमावलीवर क्लिक केलं की कोरं पान. निवड चाचणीचं पत्रक येतं ते व्हॉट्सअ‍ॅपवर, तिरकं स्कॅन केलेलं, शिक्का बरोब्बर तारखेवर उमटलेला. डोळे फोडून वाचावं तर नोंदणीची मुदत कालच संपलेली! फोन केला तर म्हणे, ‘वरून कळवतील.’ अहो, वर तुम्हीच बसलाय ना?

मैदानात दर दोन गोलांनंतर भूमिका बदलतात, बचाववाले आक्रमणाला जातात. (हा नियम कार्यकारिणीला कधी लावणार?) इथे वर्षानुवर्षं तीच माणसं, त्याच खुर्च्या.

पोरं पदरमोड करून बूट घेतात, प्रशिक्षक फुकट शिकवतात. आणि प्रमाणपत्रावर नाव चुकलं की दुरुस्तीची फी वेगळी. टायपिंग तुमचं, सही तुमची, चूक तुमची, अन् भुर्दंड पोरांना?