मागच्या हाउसिंगचा आवाज जाड ऑइलने दबतो, दोष तसाच राहतो

गळीत हंगाम तोंडावर आला की हा सल्ला मोबाइलवर फिरायला लागतो: "जुन्या ट्रॅक्टरच्या मागच्या हाउसिंगमधून आवाज येत असेल तर मेकॅनिककडे पैसे घालवू नका. ९० ऐवजी १४० नंबरचं ऑइल भरा, सोबत दोन किलो ग्रीस. जास्तच आवाज असेल तर मूठभर लाकडाचा भुसा टाका. तरीही थांबला नाही तर क्राऊन-पिनियन गेलं समजा. शिम काढून घट्ट करा नाहीतर पिनियन बदला. जुन्या ट्रॅक्टरला थोडा आवाज असायचाच, हंगाम काढून घ्या."

शेवटचं वाक्य अर्धं खरं आहे, त्याच्याकडे शेवटी येऊ. बाकीच्या सल्ल्याने चांगली हाउसिंग वाया जातात, म्हणून एकेक मुद्दा घेतो. उदाहरणाला मॅसी फर्ग्युसन ३५ आणि त्याच बांधणीचे जुने ट्रॅक्टर धरले आहेत. मागची हाउसिंग म्हणजे मागच्या चाकांमधली ओतीव पेटी. तिच्यातलं छोटं पिनियन मोठ्या क्राऊनला फिरवतं, आणि डिफरन्शियल ती ताकद दोन्ही चाकांना वाटून देतं. शिम म्हणजे त्यांची जागा जुळवायच्या पातळ चकत्या.

"१४० नंबरचं ऑइल आणि ग्रीस भरा"

आवाज कमी होतो, हे खरं. जाड ऑइलचा थर दातांमधल्या मोकळ्या जागेत गादीसारखा बसतो आणि दातावर दात आपटल्याचा आवाज दबतो. झीज मात्र चालूच राहते, फक्त ती ऐकू येत नाही.

या ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि लिफ्ट (अवजार उचलणारी यंत्रणा) यांचं ऑइल एकच असतं, साधारण ३० लिटर. लिफ्टचा पंप त्याच ऑइलात बुडालेला असतो आणि पीटीओच्या (अवजाराला फिरती ताकद देणाऱ्या) शाफ्टवर चालतो. एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेच्या वर्गवारीत १०० अंश सेल्सिअसला ९० नंबरच्या ऑइलचा दाटपणा किमान साडेतेरा सेंटिस्टोक आणि १४० नंबरचा किमान २४ असतो. गार ऑइलात हा फरक आणखी वाढतो. थंडीच्या पहाटे इतकं दाट ऑइल जाळीतून पंपापर्यंत वेळेवर पोचत नाही. पंप उपाशी राहतो, किंचाळतो, लिफ्ट झटके देत उठते. म्हणजे एक आवाज दाबायला गेलात आणि दुसरा ओढवून घेतलात.

ग्रीस त्याहून वाईट. क्राऊन त्यातून फिरताना आपल्यापुरती नाली कापतं आणि ग्रीस दोन्ही बाजूंना भिंतीसारखं उभं राहतं, परत खाली वाहत येत नाही. पिनियनच्या बेअरिंगला ऑइल मिळतं ते क्राऊनने उडवलेल्या शिंतोड्यांतून. शिंतोडेच बंद झाले की ते बेअरिंग कोरडं पडतं आणि तापून निळं होऊन जातं.

पातळी खुणेच्या वर नेणंही चूक आहे. जास्तीचं ऑइल घुसळून तापतं, फेसाळतं आणि ॲक्सलच्या सीलमधून ब्रेकच्या ड्रमात उतरतं. भरलेला ट्रेलर मागे असताना एका चाकाचा ब्रेक धरतो आणि दुसऱ्याचा सुटतो, तेव्हा गाडी आडवी जाते. ऑइल कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय तेच आणि पट्टीच्या वरच्या खुणेपर्यंतच भरा.

ऑइलमध्ये बुडालेले ब्रेक असलेल्या ट्रॅक्टरला तर साधं गिअर ऑइल चालतच नाही. ब्रेक दाबल्यावरच घर्रघर्र होत असेल तर हाउसिंग उघडण्याआधी ऑइलच्या डब्यावर काय लिहिलंय ते वाचा.

"भुसा टाका"

भुसा ऑइल पितो, फुगतो, पंपाची जाळी बुजवतो आणि बेअरिंगच्या रोलरमध्ये अडकतो. जुनं वाहन विकण्यापुरतं शांत करायची ही जुनी फसवणूक आहे. विकत घेताना ड्रेन नट (ऑइल काढायचा खालचा नट) सैल करून थोडं ऑइल तळहातावर घ्या. काड्या किंवा गोळे लागले तर तो व्यवहार सोडा.

"आवाज म्हणजे क्राऊन-पिनियन गेलं"

सर्वांत जास्त पैसा इथे वाया जातो. मागून येणारा प्रत्येक आवाज हाउसिंगचा नसतो. आधी बाहेरचं बघा: चाकाचे हब बोल्ट, रिम आणि डिस्क जोडणारे बोल्ट, मडगार्ड, लिफ्टच्या साखळ्या, ट्रेलरची पिन. क्लच सोडताना एकदाच "ठक" होणं पुष्कळदा रिमच्या सैल बोल्टचं असतं.

मग ट्रॅक्टर उभा करून न्यूट्रलला इंजिन चालवा. आवाज उभ्या जागी येत असेल आणि क्लच दाबल्यावर थांबत असेल तर तो गिअरबॉक्सचा आहे. लिफ्टवर वजन घेतल्यावरच येत असेल तर पंपाची जाळी, ऑइलची पातळी आणि ऑइलात पाणी, हे तीन बघा.

चालत्या ट्रॅक्टरच्या आवाजाची जात ओळखता येते. ओढताना "घूं" आणि थ्रॉटल सोडला की शांत, म्हणजे क्राऊन-पिनियनच्या दातांची बैठक बिघडली आहे. उलट, ओढताना शांत आणि उतारावर सोडल्यावर "घूं", तर संशय पिनियनच्या बेअरिंगवर. त्यात ढिलाई आली की पिनियन पुढे-मागे सरकतं. ओझं असो नसो, वेगाबरोबर वाढणारी जड घरघर डिफरन्शियलच्या बाजूच्या किंवा ॲक्सलच्या बेअरिंगची. फक्त वळताना ठकठक होत असेल तर डिफरन्शियलमधले छोटे गिअर, त्यांची पिन आणि वॉशर झिजलेत. क्राऊन-पिनियनचा त्यात दोष नाही.

ठरावीक अंतराने "टक" होत असेल तर टायरवर खडूची खूण करून मोजा. मॅसी ३५ मध्ये क्राऊनचे ३७ आणि पिनियनचे ६ दात आहेत, आणि पुढे चाकापर्यंत आणखी गिअर नाही. म्हणून सरळ चालताना चाकाच्या एका फेऱ्याला एकच टक म्हणजे क्राऊनचा दात, आणि सहा-सव्वासहा टक म्हणजे पिनियनचा. महिंद्रा बी-२७५ सारख्या ट्रॅक्टरमध्ये क्राऊननंतर बुल गिअर (चाकाआधीचे मोठे गिअर) येतात, तिथे हा हिशेब लागू नाही: फेऱ्याला एक टक असेल तर आधी बुल गिअर बघायचा.

बेअरिंगची खात्री करायची तर पुढच्या चाकांना उटी (सरकू नयेत म्हणून ठोकळे) लावा, पुढच्या ॲक्सलला दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर मारा, मागची दोन्ही चाकं उचलून हाउसिंग भक्कम ठोकळ्यांवर ठेवा. कमी थ्रॉटलवर गिअरमध्ये फिरवा आणि लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक हाउसिंगला, मूठ कानाला लावून ऐका. गळ्यातलं उपरणं आधी काढून ठेवा. एकच चाक उचलून ट्रॅक्टर कधीही गिअरमध्ये चालवू नका. जमिनीवरच्या चाकाने पकड घेतली की तो जॅकवरून उडी मारतो, आणि यात माणसं जातात.

शेवटी ऑइल गरम असताना काढा आणि सुती फडक्यातून गाळा. नटाच्या चुंबकावर राखाडी लेप असणं नेहमीचं आहे. चमकणाऱ्या पापुद्र्या बेअरिंगच्या, कोनदार तुकडा दाताचा, पिवळसर चुरा बुश किंवा वॉशरचा. ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. भात चिखलणीच्या भागात हे फार दिसतं. अशा वेळी ऑइल बदलणं पुरेसं नाही, पाणी आलं ते सील आणि गिअर लिव्हरचं रबर दोन्ही बदला.

"शिम काढून घट्ट करा, पिनियन बदला"

दोन्ही नको. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेली जोडी असते, दोघांवर जुळणारा नंबर कोरलेला असतो. जुन्या क्राऊनवर नवं पिनियन बसवलं तर ते पहिल्या दिवसापासून ओरडतं. बदलायचं तर जोडीच बदला.

झिजलेल्या जोडीने आपली जागा करून घेतलेली असते. शिम काढून तिला नव्या जागी दाबलं की दातांच्या कडा टेकतात, आवाज वाढतो आणि दात तुटतो. बेअरिंग बदलताना जुन्या शिमांची जाडी मोजून लिहून ठेवा आणि जोडीची जुनी बैठक परत आणा.

नवी जोडी बसवताना पिनियनच्या बेअरिंगचा ताण (ते किती घट्ट आवळलंय ते) पुस्तकातल्या आकड्याला आणा, मग डायल गेजने (काट्याच्या मापकाने) दातांची मोकळीक तपासा आणि दातांना निळा रंग लावून ते कुठे टेकतात त्याचा छाप घ्या. छाप दाताच्या मुळाशी आला तर पिनियन क्राऊनपासून दूर न्या, टोकाशी आला तर जवळ. आतल्या निमुळत्या टोकाला आला तर क्राऊन दूर सरकवा, बाहेरच्या रुंद टोकाला आला तर जवळ. एक बदल केला की मोकळीक पुन्हा मोजा. छाप न घेता "हाताने बघून" हाउसिंग बंद करणाऱ्याला आम्ही हे काम देणार नाही.

"थोडा आवाज असायचाच"

वर्षानुवर्षं एकाच सुरात असलेली बारीक घूं, फडक्यात तुकडे नाहीत, चाक हलवल्यावर ढिलाई नाही: असा ट्रॅक्टर खुशाल चालवा, उघडूही नका. पण आवाज महिन्याभरात बदलला असेल, फडक्यात पापुद्र्या असतील किंवा ठरावीक टक असेल, तर उसाने भरलेल्या ट्रेलरला तो ट्रॅक्टर जोडू नका. तुटलेला दात दुसऱ्या दातांत आडवा आला की मागची चाकं चालता चालता जाम होतात आणि हाउसिंग फुटू शकतं. वेळेवर बदललेल्या बेअरिंगचा खर्च हाउसिंगच्या पासंगालाही पुरत नाही. उघडायचंच ठरलं तर ऑक्टोबरच्या आत उघडा; तोडणी सुरू झाल्यावर चांगला मेकॅनिकही घाईत असतो, आणि छाप घ्यायला लागणारा तास आधी कापला जातो.