धक्क्यावर उभं राहून बोट कशी पारखावी

बोट समुद्रात नेऊन पारखणारे काही हटवादी लोक अजून शिल्लक आहेत. त्यांच्या नादी लागू नका. खाऱ्या पाण्याने चष्मा धुरकट होतो, केसांची वाट लागते आणि सगळ्यात वाईट म्हणजे एकदा बनवलेलं मत बदलायची पाळी येते. खोल समुद्रासाठी म्हणून एखादी नवीकोरी रिब बाजारात आली, तर तिची परीक्षा धक्क्यावरूनच करायची. रिब म्हणजे फायबरग्लासचा कडक तळ आणि त्याभोवती हवा भरलेल्या जाड रबरी ट्यूबा, हे तुम्हाला ठाऊक असेलच. नसलं तरी ठाऊक असल्यासारखं दाखवा. ऊन लख्ख हवं, पाणी निवांत हवं, इंजिन बंद हवं आणि बोट पुढून-मागून दोरांनी करकचून बांधलेली हवी. बोट हलत नसली की तिच्यात दोष सापडत नाहीत, आणि सापडलेच तर ते फार तर रंगाचे असतात.

सुरुवात नाकापासून करा. हल्ली सरळ उभ्या नाकाची चलती आहे. तसं नाक दिसलं की "काय आक्रमक दिसते!" असं म्हणा. आक्रमक कोणावर, हे कोणी विचारत नाही. पूर्वी ट्यूबा नाकाकडे जाताना वर उचललेल्या असायच्या. समोरच्या लाटेत नाक घुसलं की त्या फुगीर ट्यूबा त्याला पुन्हा वर ढकलायच्या, आणि उडालेलं पाणी बाहेरच्या बाहेर जायचं. काम चोख, पण दिसायला जरा बावळट. आता ट्यूब शेवटपर्यंत सपाट रेषेत न्यायची, जमल्यास टोकाशी थोडी बारीकच करायची. फोटोत रेषा सुंदर येते. पाणी आत येतं खरं, पण फोटो काढताना पाणी येत नाही.

रंगाबाबत तडजोड नको. मॅट करडा, नाहीतर काळा. लष्कराच्या बोटी करड्या असतात, कारण आपण कोणाला दिसू नये अशी त्यांची इच्छा असते. तुमचीही तीच असायला हवी. इंजिन बंद पडून करड्या आभाळाखाली, करड्या पाण्यावर, करड्या बोटीत तुम्ही बसलेले असाल आणि वरून हेलिकॉप्टर तुम्हाला हुडकत असेल, तेव्हा रंगसंगती किती साधली आहे याचं खरं समाधान मिळेल. बचावाच्या बोटी भडक नारिंगी असतात. रसिकता नाही, दुसरं काय! काळ्या ट्यूबचा आणखी एक फायदा: उन्हात ती इतकी तापते की उघड्या मांडीने तिच्यावर बसलेला पाहुणा पुन्हा म्हणून बसत नाही. ट्यूब नवीच राहते.

मग त्या ट्यूबला अंगठ्याने दाबा आणि बुटाने हलकीशी लाथ मारा. टणक लागली की मान डोलवा. आतला दाब जेमतेम पाव बार असतो, आणि तो तापमानाबरोबर वरखाली होतो. दुपारच्या उन्हात टणक वाटलेली ट्यूब गार पाण्यात गेली की ढिली पडते. पण तुम्ही दुपारी धक्क्यावर आहात, तेव्हा तो प्रश्न तुमचा नाही. ट्यूबच्या आत पडदे घालून वेगवेगळे कप्पे केलेले असतात, म्हणजे एक फाटला तरी बाकीचे बोट तरंगती ठेवतात. कप्पे किती आणि प्रत्येकाचा व्हॉल्व्ह कुठे, हे विचारून विक्रेत्याला अडचणीत आणू नका. बिचाऱ्याला गाद्या उचलाव्या लागतील.

कापड कोणतं, हे मात्र विचारा, कारण उत्तर ठरलेलं आहे: "अस्सल हायपलॉन." हायपलॉन बनवणाऱ्या ड्यूपॉन्टने ते २०१० मध्येच बंद केलं. त्याच जातीचं रबर आता इतर कंपन्या बनवतात आणि ते ऊन-पेट्रोल उत्तम सोसतं, त्यामुळे विक्रेता अगदीच खोटं बोलत नसतो. पीव्हीसी स्वस्त पडतं, त्याचे सांधे यंत्रावर वेल्ड होतात, आणि वर्षानुवर्षं कडक उन्हात राहिलं की ते चिकट तरी होतं नाहीतर ठिसूळ तरी. नवीन असताना दोन्ही सारखंच चमकतं. तुम्ही नवीनच पाहताय.

ट्यूबा पाण्याला नेमक्या कुठे टेकतात हे पाहायला गुडघ्यांवर बसावं लागतं, म्हणून ते सोडून द्या. जाणकार म्हणतात की बोट थांबलेली असताना मागच्या ट्यूबा पाण्याला टेकलेल्या हव्यात, म्हणजे ती डगमगत नाही. आणि वेग घेतला की त्या पाण्यापासून सुटायला हव्यात, म्हणजे तळ एकटा धावतो. हे जुळवणं अवघड काम. त्यापेक्षा ट्यूबा वीतभर वर लावल्या की बोट कशी ऐटीत उभी राहते! मग दोघं जण एकाच बाजूला गेले की ती कलते, हे खरं. पण दोघांनी एकाच बाजूला जावंच का?

एवढ्यात कोणी शंका काढलीच, तर इतिहास काढा. १९५२ मध्ये आलां बोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने साडेचार मीटरच्या फुगवलेल्या झोडियाक बोटीतून कॅनरी बेटांपासून बार्बाडोसपर्यंत एकट्याने अटलांटिक महासागर ओलांडला. शीड होतं, इंजिन नव्हतं. ६५ दिवस लागले आणि गड्याचं वजन २५ किलोंनी उतरलं. यावरून फुगवलेली बोट कुठेही जाते हे सिद्ध होतं. त्यात माणसाचं काय होतं, हा उपप्रश्न आहे. कडक तळाची कल्पना नंतरची, १९६० च्या दशकातली. वेल्समधल्या अटलांटिक कॉलेजात पोरं रबरी बोटी गोट्यांच्या किनाऱ्यावर ओढायची आणि त्यांचे कापडी तळ फाटायचे. मग पहिले मुख्याध्यापक रिअर ॲडमिरल डेस्मंड होअर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तळाला प्लायवूड लावून पाहिलं, मोडलं, पुन्हा लावलं. पुढे ही सगळी कल्पना ब्रिटनच्या आरएनएलआय या जीवरक्षक संस्थेला एका पौंडात देऊन टाकली. व्यवहारज्ञान नावालाही नव्हतं, हे यावरूनच कळतं.

त्या संस्थेची 'अटलांटिक २१' ही बोट १९७२ मध्ये कामाला लागली. तिच्या मागच्या बाजूला एक कमान होती आणि कमानीवर घडी करून ठेवलेली हवेची पिशवी. वादळात बोट उलटली की खलाशी ती पिशवी फुगवायचे आणि बोट सुलटी व्हायची. आजच्या बोटीवरही कमान आहे, हे पाहून मन भरून येतं. तिच्यावर चार स्पीकर आणि निळे दिवे असतात. उलटल्यावर गाणी किती वेळ वाजतील, हे माहितीपत्रकात दिलेलं नसतं.

सुकाणूपाशी या. समोर दोन मोठे पडदे दिसतील, काचेसारखे गुळगुळीत, बोटाने चालणारे. नकाशा, खोली, इंजिन, संगीत, सगळं त्यांतच. बोट कोरडं असेल तर फार छान चालतात. ओलं असेल तर नकाशा मोठा करायला गेलात की गाणं बदलतं, आणि खारं पाणी थेट पडद्यावर उडालं की तो स्वतःच्या मनानेच काहीबाही दाबू लागतो. बटणं मागू नका. बटणं म्हणजे म्हातारपण. शेजारीच एक लाल गुंडाळीची दोरी लोंबत असेल. ती चालकाने मांडीला अडकवायची असते, म्हणजे तो पाण्यात फेकला गेला तर इंजिन तत्क्षणी बंद पडतं. पण ती कपड्यांवर उठून दिसते. लोंबती राहू द्या. तुम्ही पडलात की बोट एकटीच गोल गोल फिरू लागेल, आणि पाण्यातून तिचं रूप सगळ्या बाजूंनी न्याहाळता येईल.

बसण्याची व्यवस्था हा मात्र जिव्हाळ्याचा विषय, इथे घाई नको. खोल समुद्रात नेहमी काम करणारे लोक दोन पाय दोन बाजूंना टाकून बसायची अरुंद आसनं घेतात. खाली झटके झेलणाऱ्या स्प्रिंगा असतात, गुडघे सैल ठेवता येतात, आणि लाट आली की पाय अर्धा भार उचलतात. ही आसनं दिसायला अतिशय कुरूप. शिवाय त्यांच्यावर बसलेला माणूस बिनघोड्याच्या घोडेस्वारासारखा दिसतो. तुम्ही पाठीला टेकायची मऊ, रुंद, शिवणीवर रंगीत दोरा असलेली बाकं घ्या. बोट लाटेवरून सुटून खाली आपटते तेव्हा तो दणका शरीराच्या वजनाच्या कित्येक पट असतो, आणि त्याचं काय करायचं ते गादी ठरवत नाही. पाय समोर पसरून बसलेल्या माणसाचा तो सरळ कण्यातून वर जातो.

म्हणूनच सगळ्यात लाडक्या पाहुण्यांना नाकाजवळच्या मोठ्या गादीवर बसवायचं. तिथे वारा लागतो, दृश्य छान दिसतं, आणि बोटीचा सगळ्यात जास्त वरखाली होणारा भागही तोच. पुढे बसलेल्या प्रवाशांचे मणके मोडल्याच्या नोंदी अपघातांच्या तपासात आहेत. पण त्या गादीचं कापड डाग न पडणारं आहे, हेही विसरू नका. पाहुणे कशाला धरून बसतील असा प्रश्न पडला तर पेला ठेवायच्या खोबणी मोजा. माणशी दोन असतात. पकडायची कडी शोधाल, तर ती रेषा बिघडवते म्हणून काढलेली असेल.

गादीखाली काय, हे उघडून पाहण्याचा मोह आवरा. तिथे नांगराची जागा असायला हवी होती; तिथे शीतपेटी आहे. नांगर बहुधा मागच्या कपाटात, जीवरक्षक जाकिटांच्या खाली, दोर वेगळ्या पिशवीत. इंजिन बंद पडून बोट खडकांकडे वाहू लागली की आधी पाहुण्यांना उठवायचं, मग जाकिटं बाहेर, मग नांगर, मग दोर. सगळे कामात राहतात, घबराट होत नाही. आणि नांगर पुढे नेताना त्याचं टोक ट्यूबला लागलं, तर कप्प्यांचा प्रश्न आपोआप सुटतो.

आता बाजूवर तिरप्या अक्षरांत लिहिलेला 'ऑफशोअर' हा शब्द वाचा आणि समाधान माना. सुकाणूजवळच्या छोट्या धातूच्या पट्टीकडे जाऊ नका. युरोपच्या नियमांनुसार तिच्यावर, बोट किती वाऱ्या-लाटांसाठी बनवली आहे ते सांगणारं एक अक्षर असतं. बी असेल तर वाऱ्याचा जोर ब्यूफर्ट मापावर ८ पर्यंत आणि लाटांची सरासरी धरलेली उंची ४ मीटरपर्यंत. सी असेल तर जोर ६ आणि उंची २ मीटर. ही उंची एकूण लाटांपैकी सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते, त्यामुळे अधूनमधून एखादी जवळजवळ दुप्पट येते आणि ती पट्टी वाचून येत नाही. बऱ्याच बोटींवर दोन्ही अक्षरं असतात: बीला माणसं कमी, सीला जास्त. मोठा आकडा लक्षात ठेवा आणि बोलवा सगळ्यांना.

इंजिनांबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. मोजा आणि गप्प राहा. एक असेल तर हळहळा, दोन असतील तर ठीक, तीन असतील तर टोपी काढा. मर्क्युरीने २०२१ मध्ये ६०० अश्वशक्तीचं बारा सिलिंडरचं आउटबोर्ड आणलं, एकेकाचं वजन साडेपाचशे किलोंच्या वर. अशी तीन मागे टांगली की नाक उभं करण्यासाठी लाटेचीही गरज नाही. ३०० अश्वशक्तीचं साधं इंजिनसुद्धा पूर्ण वेगात तासाला सुमारे १०० लिटर पेट्रोल पितं. जुने खलाशी टाकीचे तीन भाग करतात: एक जायला, एक यायला, एक अडीनडीला. तुम्ही दोन करा. जायला आणि फोटोला.

पाण्यातून पुन्हा वर चढायची शिडी कुठे आहे, हे विचारायचं राहिलं असेल तर राहू द्या. ती असते, इंजिनांच्या मधल्या फटीत.

एवढं सगळं करूनही विक्रेता "चला, एक चक्कर मारून येऊ" म्हणालाच, तर सपशेल नाही म्हणू नका, संशय येतो. सकाळी, वारा उठण्याआधीची वेळ घ्या. बोटीत तुम्ही दोघंच, टाकी पाव भरलेली, सामान शून्य. वारा पाठीशी ठेवून निघायला सांगा, कारण लाटांच्या बरोबरीने जाताना कुठलीही बोट गुणी वाटते. चाळीस नॉटला हातातला चहा हलला नाही की मोठ्याने दाद द्या आणि पुढच्या बंदरापर्यंत तसंच जाऊ या म्हणा. तिथे उतरा. एव्हाना वाऱ्याला जोर चढलेला असेल आणि तो परतीच्या वाटेवर तोंडावर येणार असेल, म्हणून स्वतःसाठी गाडी आधीच मागवून ठेवा. बोट परत न्यायला विक्रेता आहेच. तो संध्याकाळी भिजून, कंबर धरून धक्क्यावर चढला तर कारण विचारू नका. बयाण्याचा चेक मात्र त्याला वाकावं लागणार नाही अशा उंचीवर धरा.