म्हणे मराठी माणसाला जोखीम झेपत नाही

‘मारवाडी जोखीम घेतो म्हणून मालक होतो, मराठी माणूस घाबरतो म्हणून नोकर राहतो. ते रक्तातच असावं लागतं.’ परवा हा मेसेज पुन्हा आला. पाठवणारे आमचे निफाडचे मामा. द्राक्षबागायतदार!

आधी ‘घाबरतो’चं बघू. ऑक्टोबर छाटणीला मामांच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज असतं, शिवाय औषधांच्या दुकानाची उधारी. आभाळ भरून आलं की डावणी रोगाच्या धास्तीने रात्री दोनला ट्रॅक्टर काढून फवारणी. घड भरले की गारपिटीची भीती. एवढं करून माल निघालाच, तर व्यापारी पैसे बुडवून पळायचा. दुकानदाराने हे केलं की धाडस, मामांनी केलं की नशीब, असं कसं?

‘मारवाडी बेधडक उडी घेतो’ हे तर साफ उलटं आहे. कोलकात्यात नव्याने उतरलेल्या मारवाडी पोराला जेवण्या-राहण्यासाठी समाजाचा ‘बासा’ असे. मग ओळखीच्या पेढीवर उमेदवारी, पुढे नातलगांचं भांडवल. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं, तेव्हा स्वतः मुंबईत नोकरीत होते. दुकान भाऊ बघायचा. १९१० मध्ये कारखान्याला माळरान मिळालं ते औंधच्या राजांकडून.

राहिलं रक्त. एल्के वेबर आणि क्रिस्टोफर शी या संशोधकांचा १९९८ चा एक अभ्यास आहे. चिनी, अमेरिकन, जर्मन आणि पोलिश लोकांपुढे त्यांनी पैशाच्या जोखमीचे तेच ते पर्याय ठेवले. चिनी मंडळी त्या पर्यायांसाठी सर्वांत जास्त पैसे मोजायला तयार. पण त्यांना मुळात ते पर्याय कमी धोक्याचे वाटत होते. हा फरक वजा केला तर वृत्तीत फारसं अंतर उरेना. पुढच्या अभ्यासात तर औषधोपचार आणि शिक्षणाच्या बाबतीत चिनी लोक अमेरिकनांपेक्षा धाडसी दिसलेच नाहीत. रक्ताचा गुण एवढा निवडक कसा असेल? या दोघांचं म्हणणं, पैसा बुडाला तर चिनी माणसाला नातलग सावरतात, आजारपण किंवा परीक्षा मात्र ज्याची त्यालाच भोगावी लागते. म्हणजे पडलं तरी खाली गादी. पेढीवरचीच म्हणा ना.

आपल्याकडे नोकरीची ओढ आहे, ते कुठे नाकारतोय? मुलीकडचे आधी पगार विचारतात.

हे सगळं मामांना लिहून पाठवलं. उत्तर आलं : ‘बरोबर आहे तुझं. धाकट्यासाठी कुठे नोकरी असली तर बघ. बागेत लई रिस्क झाली आता.’