कोटेशन शिळे झाले ते बँकेच्याच टेबलावर

पुठ्ठ्याचे खोके बनवण्याच्या उद्योगासाठी मी पीएमईजीपी ह्या सरकारी अनुदान योजनेतून कर्ज मागितले आहे. काल बँकेने माझी ती फाईल परत केली. कारण विचारल्यावर कर्ज अधिकाऱ्यांनी स्टिचिंग मशीनच्या कोटेशनवर, म्हणजे मशीनवाल्याने दिलेल्या दरपत्रकावर, तळाशी बारीक अक्षरांत छापलेल्या ओळीवर पेनाचे टोक ठेवले. "वरील दर 30 दिवसांपर्यंत वैध," असे तिथे लिहिले होते. "मॅडम, मुदत संपली आहे, नवीन कोटेशन आणा," एवढे बोलून त्यांनी माझ्या मागच्या माणसाला पुढे बोलावले.

मी फाईल दिली तेव्हा ते कोटेशन ताजे होते. पावसाळ्याच्या तोंडावर मी ते ह्याच शाखेत, ह्याच टेबलावर, ह्याच अधिकाऱ्यांच्या हातात दिले होते. त्यानंतर ते माझ्याकडे नव्हतेच. ते त्यांच्या लोखंडी कपाटात होते आणि त्याची मुदत तिथे, त्यांच्या ताब्यात असताना संपली. अधूनमधून चौकशीला गेले की "साहेब रजेवर आहेत", "तिमाहीअखेर आहे", "ऑडिट चालू आहे", "इन्स्पेक्शन व्हायचे आहे" अशी उत्तरे मिळत होती, पण कोटेशनची मुदत संपत आली आहे हे मला एकदाही, एका माणसानेही सांगितले नाही. उशीर त्यांनी केला आणि त्या उशिराचा दोष माझ्या फाईलवर शेरा म्हणून लिहिला, ह्याचा मला जो संताप आला आहे तो अजून उतरलेला नाही.

कोटेशन बदलणे म्हणजे एक कागद बदलणे, असे ज्यांना वाटते त्यांनी प्रकल्प अहवाल कधी करून पाहिलेला नाही. मशीनवाल्याने मधल्या काळात दर वाढवला आहे. दर वाढला की प्रकल्प खर्च वाढतो, प्रकल्प खर्च वाढला की माझा स्वतःचा वाटा, कर्जाची रक्कम, मासिक हप्ता, घसारा, तिसऱ्या वर्षाचा नफा आणि डीएससीआर (कर्ज फेडण्याची क्षमता दाखवणारे गुणोत्तर) हे सगळे आकडे हलतात, म्हणजे सीएकडे पुन्हा जायचे आणि पुन्हा फी भरायची. नवा अहवाल झाला की त्यातली रक्कम योजनेच्या पोर्टलवरच्या अर्जातल्या रकमेशी जुळत नाही, म्हणून ज्या सरकारी कार्यालयाने अर्ज बँकेकडे पाठवला तिथे जाऊन दुरुस्ती मागायची. ते कार्यालय म्हणणार की बँकेचे पत्र आणा, आणि बँक म्हणणार की आम्ही असे पत्र देत नाही. हे सगळे पार पडून फाईल पुन्हा त्या कपाटात जाईपर्यंत नव्या कोटेशनचे 30 दिवसही निघून गेलेले असतील.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या 25 लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाचा निर्णय 14 कामकाजाच्या दिवसांत व्हावा, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. कर्ज नाकारले तर कारण लेखी कळवावे, असाही दंडक आहे. ह्या दोन्ही गोष्टी कशा चुकवल्या जातात ते मला आता नीट समजले आहे. दिवस मोजायचे ते कागदपत्रे पूर्ण झाल्यापासून, आणि कागदपत्रे पूर्ण झाली की नाही हे ठरवणार बँकच. एखादा कागद दर वेळी अपुरा, जुना किंवा अस्पष्ट ठरवला की ते 14 दिवस कधी सुरूच होत नाहीत. शिवाय माझे कर्ज नाकारलेले नाही, माझी फाईल "पूर्ततेसाठी परत" केली आहे, त्यामुळे लेखी कारण देण्याचा प्रश्नच त्यांच्यापुढे येत नाही. नकार मिळाला असता तर तो घेऊन मी दुसऱ्या बँकेचे दार ठोठावले असते किंवा वर तक्रार केली असती. आता माझ्या हातात काहीही नाही.

मी कुणाकडे दान मागत नाही. पुठ्ठ्याचे खोके बनवण्याचा साडेनऊ लाखांचा प्रकल्प आहे, तीन प्लायच्या, म्हणजे तीन थरांच्या, खोक्यांना गिऱ्हाईक तयार आहे, जागेचा भाडेकरार झाला आहे आणि भाडे दर महिन्याला जाते आहे. पीएमईजीपी योजनेत ग्रामीण भागातल्या महिलेला 35 टक्के अनुदान आणि स्वतःचा वाटा 5 टक्के, हा नियम मी तोंडपाठ केला आहे. तो वाटा मी खात्यात वेगळा काढून ठेवला आहे. गाव ग्रामीण भागात मोडते ह्याचा दाखला आणला, तो आधी मराठीत चालेना म्हणून इंग्रजीत आणला आणि मग त्यावरचा शिक्का पुसट आहे म्हणून पुन्हा आणला. 2022 मध्ये ह्या योजनेतली उत्पादन उद्योगांसाठीची प्रकल्प मर्यादा 25 लाखांवरून 50 लाखांवर नेली, तेव्हा त्याच्या केवढ्या बातम्या झाल्या होत्या. जिथे साडेनऊ लाखांची फाईल कपाटातून टेबलावर येत नाही, तिथे 50 लाखांच्या मर्यादेचे मी काय करू?

तारणाचा विषय निघाला की माझे डोके फिरते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना 10 लाख रुपयांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागू नये, हे रिझर्व्ह बँकेने 2010 मध्येच बजावले आहे. बँकेची जोखीम उचलण्यासाठी पतहमी न्यास 2000 पासून आहे आणि त्याच्या हमीची मर्यादा आधी 5 कोटी आणि 1 एप्रिल 2025 पासून 10 कोटींपर्यंत वाढली आहे. तरीही माझ्या पहिल्या भेटीतला पहिला प्रश्न "घर कुणाच्या नावावर आहे?" हाच होता. सासऱ्यांच्या नावावर आहे म्हटल्यावर "मग त्यांना एकदा घेऊन या" असे सांगण्यात आले. हे कुणी कागदावर लिहून देत नाही, कारण लिहिले तर नियम मोडल्याचा पुरावा होईल. मी नियम दाखवला तेव्हा "नियम आम्हालाही माहीत आहेत" असे उत्तर मिळाले आणि त्या दिवसापासून माझी फाईल कपाटाच्या खालच्या खणात गेली, असा माझा पक्का समज आहे. माझ्यासमोरच एकदा एका तरुणाला "सिबिल नाही" म्हणून परत पाठवले. ज्याने आयुष्यात कर्जच घेतले नाही त्याचा कर्जफेडीचा इतिहास कुठून येणार, हे त्याने विचारले तर त्याला गप्प बसवण्यात आले.

"त्यापेक्षा मुद्रातले शिशु कर्ज घ्या, लगेच करून देतो," असाही एक सल्ला मला मिळाला. मुद्रा ही छोट्या व्यवसायांसाठीची सरकारी कर्जयोजना, आणि तिच्यातल्या शिशु गटाची मर्यादा 50,000 रुपये आहे. त्यात माझ्या मशीनची मोटरही धड येणार नाही. पण शाखेच्या लक्ष्यात एक खाते वाढते आणि माझी ब्याद टळते, म्हणून तो सल्ला.

अनुदान म्हणजे हातात पडणारे पैसे, असा समज पसरवणाऱ्यांचा तर मला मनस्वी तिटकारा आहे. नोटांच्या गड्ड्यांचे चित्र लावून "35 टक्के कर्ज माफ" असे ओरडणारे व्हिडिओ रोज समोर येतात. ते पाहून नातेवाईक विचारतात, "तुला अजून मिळाले नाही का?" अनुदानाची रक्कम आधी बँकेत तीन वर्षे ठेव म्हणून अडकते, तिच्यावर व्याज मिळत नाही, तेवढ्या कर्जावर व्याज लागत नाही आणि युनिट चालू असल्याची प्रत्यक्ष तपासणी झाल्यावरच ती कर्जात वळती होते, हे त्या व्हिडिओत कुणी सांगत नाही. त्याखाली दिलेल्या नंबरवर फोन केला की "फाईल आम्ही पास करून देतो" म्हणणारे एजंट भेटतात. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, 2020 पासून सुरू आहे आणि पूर्णपणे मोफत आहे, तरी सरकारी वाटावी अशी वेबसाइट काढून तिचेही पैसे उकळणारे लोक आहेत. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी असे पैसे भरले आणि नंतर फोन बंद. त्यांनी तो व्यवसायाचा विचारच सोडून दिला. चांगल्या शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत त्या, आणि आता दुसऱ्याच्या युनिटमध्ये रोजंदारीवर जातात.

मेळाव्यांबद्दलही बोलायलाच हवे. व्यासपीठावर पाहुणे, पुठ्ठ्याचा मोठा धनादेश, निवडक लाभार्थ्यांचे फोटो आणि समोर सकाळपासून बसवून ठेवलेले आमच्यासारखे अर्जदार. प्रश्न विचारायला माईक कधीच खाली येत नाही. नवउद्योजकांनी नोकरी मागणारे नव्हे तर देणारे व्हावे, हे वाक्य मी इतक्या भाषणांत ऐकले आहे की आता ते ऐकले की उठून जावेसे वाटते. मी दोन बायकांना काम द्यायला तयार आहे. त्या दोघी मला दर आठवड्याला विचारतात की मशीन कधी येणार, आणि त्यांना खरे काय सांगावे हे मला कळत नाही.

थेट अनुदान द्यायचेच नाही असे सरकारचे धोरण असते तर तेही समजून घेतले असते. पण 2021 च्या स्टार्टअप सीड फंड योजनेत संकल्पना सिद्ध करण्यासाठी 20 लाखांपर्यंत अनुदान ठेवले गेले. नवकल्पना असणाऱ्यांना ते जरूर मिळावे. खोके बनवण्यात नवकल्पना नाही, म्हणून मी त्या योजनेत बसत नाही, हेही मला मान्य आहे. मात्र ज्या योजनेत मी अक्षरशः प्रत्येक अटीत बसते, त्या योजनेत तरी माझी फाईल कुणी उघडून वाचावी, ही अपेक्षा जास्त आहे का?

मशीनवाल्याला मी आजच फोन करून नवे कोटेशन मागितले आहे आणि त्यावर 90 दिवसांची वैधता लिहून देण्याची विनंती केली आहे. ह्या वेळी फाईल देताना सोबत जोडलेल्या सगळ्या कागदांची यादी करून तिच्या प्रतीवर तारीख, सही आणि शिक्का घेतल्याशिवाय मी त्या टेबलासमोरून हलणार नाही. पोच दिली नाही तर तीच फाईल त्याच दिवशी स्पीड पोस्टाने शाखा व्यवस्थापकांना जाईल आणि तिची प्रत जिल्ह्यातल्या बँकांच्या कामाचा समन्वय पाहणाऱ्या अग्रणी बँक व्यवस्थापकांना जाईल. ज्यांच्या फाइली अशाच परत आल्या आहेत त्यांनीही निदान पोच घेऊन ठेवावी, कारण 14 दिवस मोजायचे तर ते कोणत्या तारखेपासून मोजायचे हे आपल्याकडे शिक्क्यासह असले पाहिजे.