‘सगळ्यात चांगली साइट कोणती ते सांगितलंच नाही’: एक स्टार देणाऱ्या सरांना उत्तर

नमस्कार सर,

आमच्या रविवारच्या युजनेट-शोध वर्गाला (युजनेट म्हणजे ‘न्यूजग्रुप’ नावाच्या विषयवार गटांचं, वेबच्याही आधीचं जाळं) तुम्ही एक स्टार दिलात आणि कारणंही लिहिलीत, हे बरं केलंत. नुसता स्टार देऊन जाणाऱ्याला काय उत्तर देणार? तुमच्या तक्रारी थोडक्यात अशा: फी घेऊनही ‘बेस्ट इंडेक्स साइट’चं, म्हणजे युजनेटवरच्या पोस्टी शोधून देणाऱ्या साइटचं, नाव दिलं नाही, अर्धा वर्ग जुन्या पोस्टी उकरण्यात गेला, बिनसर्च या इंडेक्स साइटवर तुम्ही नाव टाकलंत तर शून्य निकाल, फक्त आमंत्रणावर आत घेणाऱ्या एका साइटची इन्व्हाइट मागितलीत तर आम्ही नाही म्हटलं, आणि शेवटी, ‘हे सगळं गूगलवर फुकट मिळतं.’ हे वाचून पुढच्या बॅचला यायचं की नाही ते लोक ठरवणार, म्हणून फोन न करता इथेच लिहितोय.

गूगलपासूनच सुरू करू. डेजा न्यूज ही कंपनी १९९५ पासून न्यूजग्रुपच्या पोस्टी साठवत होती. फेब्रुवारी २००१ मध्ये गूगलने तो साठा विकत घेतला. त्यात टोरोंटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात हेन्री स्पेन्सर यांनी १९८१ पासून टेपवर जपून ठेवलेल्या पोस्टींची आणि इतरांकडच्या जुन्या संग्रहांची भर पडली. म्हणून लिनस टोरवाल्ड्सची २५ ऑगस्ट १९९१ ची ‘कॉम्प डॉट ओएस डॉट मिनिक्स’ या ग्रुपमधली लिनक्सची घोषणा आज घरबसल्या वाचता येते. पण २२ फेब्रुवारी २०२४ पासून गूगल ग्रुप्सने नव्या युजनेट पोस्टी घेणं बंद केलंय. त्यानंतरचं काहीही तिथे नाही. जुन्या मजकुरातही स्पॅमचा इतका गाळ आहे की नुसता शब्द टाकून काही हाती लागलं तर नशीब म्हणायचं. फुकट आहे हे खरं. पण ग्रुपचं नाव, लेखक आणि तारखेची मर्यादा लावल्याशिवाय त्या फुकटाचा उपयोग होत नाही, आणि सकाळचा पहिला तास आम्ही त्यावरच घेतला होता.

आता ‘बेस्ट’ साइट. सर, हा प्रश्न तुम्ही वर्गात दोनदा विचारलात आणि दोन्ही वेळा मी उलट विचारलं, ‘शोधायचंय काय?’ ते तुम्हाला टोलवाटोलवी वाटलं. ज्याला आपण सरसकट इंडेक्स म्हणतो त्यात तीन वेगळ्या जाती आहेत आणि त्यांची एकमेकींशी तुलनाच होत नाही. बिनसर्च, एनझेडबीइंडेक्स, एनझेडबीकिंग या साइट्स बायनरी ग्रुपमधल्या, म्हणजे जिथे चर्चेऐवजी फायली टाकल्या जातात तिथल्या, पोस्टींच्या फक्त विषय-ओळी गोळा करतात. आत काय आहे ते त्या बघत नाहीत. एसटीच्या पार्सल ऑफिसातल्या वहीत खोक्यावर लिहिलेलंच उतरवून घेतात, तसं. दुसऱ्या जातीच्या साइट्स न्यूझनॅब नावाच्या किंवा तशाच इंडेक्स-सॉफ्टवेअरवर चालतात. तिथे पोस्टींना नीट नाव दिलेलं असतं, वर्ग पाडून त्यांना क्रमांक दिलेले असतात, पुस्तकांचा क्रमांक ७००० च्या घरात, ऑडिओचा ३००० च्या, वगैरे. बहुतेक ठिकाणी नोंदणी लागते आणि दिवसाला किती शोध, किती डाउनलोड याची मर्यादा असते. तिसरी जात निव्वळ मजकुराची: गूगल ग्रुप्स, नार्काइव्ह, इंटरनेट आर्काइव्हवरचा युजनेटचा ऐतिहासिक संग्रह. तुम्हाला हवी असेल १९९६ मधली चर्चा आणि तुम्ही बसलात बिनसर्चवर, तर दोष साइटचा नाही.

तुमच्या शून्य निकालाचंही तसंच. तुम्ही जे जुनं शेअरवेअर (आधी वापरून बघा, मग पैसे द्या अशा तऱ्हेचं सॉफ्टवेअर) शोधत होतात त्याचं पूर्ण नाव, कंपनी, आवृत्ती, वर्ष, सगळं एका ओळीत टाकलंत. विषय-ओळ कशी दिसते ते आम्ही पडद्यावर दाखवलं होतं. उदाहरणार्थ: [०३/५२] ‘डेबियन-डीव्हीडी.पार्ट०२.रार’ वायएन्क (१/१४०). म्हणजे ५२ फायलींच्या संचातली ही तिसरी, आणि ही एक फाइल १४० पोस्टींमध्ये तुकडे करून टाकलेली; वायएन्क हे फाइल पोस्टीत भरण्याच्या पद्धतीचं नाव. टाकणाऱ्याने या ओळीत जे लिहिलं तेवढ्याशीच साइट तुमचे शब्द ताडून बघते. त्याने वर्ष लिहिलं नसेल आणि तुम्ही लिहिलंत, की संपलं. म्हणून नेहमी दोनच शब्द टाकायचे, तेही सगळ्यात वेगळे. ‘सेटअप’, ‘फुल’, ‘व्हर्जन’ असले शब्द वर्ज्य. मग आकाराची किमान मर्यादा लावायची, म्हणजे सुट्या चिठ्ठ्या-चपाट्या गळून जातात. पोस्टीचं वय बघायचं. एक संच सापडला की टाकणाऱ्याच्या नावावरून त्याचे बाकीचे संच बघायचे. या शेवटच्या युक्तीने जेवढं मिळतं तेवढं नाव बदलबदलून टाकल्याने मिळत नाही, असा आमचा अनुभव आहे.

आणि तरीही शून्य येऊ शकतं. गेली बरीच वर्षं कित्येक जण विषय-ओळीत मुद्दाम अर्थहीन अक्षरं-आकड्यांची माळ लिहितात. अशी पोस्ट विषय-ओळींच्या साइटवर असूनही सापडणार नाही, कारण ती माळ कुणी टाइप करणार नाही. ती सापडते फक्त जिथे त्या माळेचं खरं नाव नोंदवलेलं असतं तिथे, म्हणजे दुसऱ्या जातीत. हे दुपारच्या सत्रात आलं होतं. तुम्ही चहानंतर परत आला नाहीत. रेकॉर्डिंग तुमच्या लॉगिनला आहे.

इंडेक्सवर सापडलं म्हणजे मिळालं, असंही नव्हे. इंडेक्स फक्त मेसेज-आयडींची, म्हणजे प्रत्येक पोस्टीच्या स्वतंत्र ओळखखुणांची, यादी देतो; माल असतो तुम्ही जोडता त्या युजनेट सर्व्हरवर. मोठ्या व्यापारी सर्व्हरांकडे साधारण २००८ पासूनच्या बायनरी पोस्टी टिकून आहेत, पण कॉपीराइटची नोटीस आली की त्यातल्या काही काढल्या जातात. मग सर्व्हर ४३० हा आकडा परत पाठवतो: या आयडीची पोस्ट नाही. त्यामुळे निकालात ‘५१२ पैकी ५०५ भाग’ असं दिसलं तर लगेच सोडून देऊ नका. सोबत पार-टू नावाच्या दुरुस्तीच्या फायली पुरेशा असतील तर राहिलेले भाग त्यातून गणिताने पुन्हा तयार होतात. त्या फायलींवर टिक न करता डाउनलोड करणारे आणि मग ‘फाइल करप्ट’ म्हणून साइटला शिव्या घालणारे आमच्याकडे दर बॅचला असतात.

मग तुलना करायचीच कशी? आम्ही सांगतो ती पद्धत रुक्ष आहे, पण फसवत नाही. ज्या पोस्टी अस्तित्वात आहेत हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे अशा काही निवडा, एक खूप जुनी, एक मधली, एक अलीकडची. त्याच शब्दांनी प्रत्येक साइटवर शोधा. कुठे पूर्ण मजकूर दिसतो, कुठे नुसती ओळ, कुठे धाग्यातली पुढची-मागची उत्तरं जोडलेली आहेत, कुठे मूळ हेडर (पोस्टीच्या डोक्यावरच्या तांत्रिक ओळी) आणि मेसेज-आयडी बघता येतो ते लिहून काढा. तुमचं ‘दोन साइट्सवर तेच निकाल येतात, मग दोन्हीचे पैसे का’ हे निरीक्षण अगदी बरोबर आहे. एकाच जातीच्या दोन साइट्स बहुधा त्याच ग्रुपांमधून माल उचलतात. म्हणूनच आम्ही एका जातीची एकच घ्या म्हणतो. एकाच जातीच्या तीन वर्गण्या भरा, असं आमच्याकडून कुणीही ऐकलेलं नाही.

जुन्या पोस्टींवर अर्धा वर्ग का, याचं उत्तर साधं आहे: आमच्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्यांना तेच हवं असतं. बाणेर-हिंजवडीकडून पेटंट-शोधाचं काम करणारे लोक येतात. अमेरिकेच्या फेडरल सर्किट कोर्टाने २०१४ मध्ये सफोक टेक्नॉलॉजीज विरुद्ध एओएल या खटल्यात १९९५ मधल्या एका न्यूजग्रुप पोस्टीला छापील प्रकाशनाचा दर्जा दिला आणि शोध आधीच जाहीर झालेला ठरल्याने पेटंटचा दावा तिथे अडला. या पेटंट-शोधकांच्या दृष्टीने एक जुनी पोस्ट तारखेसकट सापडणं म्हणजे महिन्याभराचं काम फत्ते.

दुसरे येतात भाषेचे विद्यार्थी. ‘सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी’ नावाचा ग्रुप होता आणि परदेशी गेलेली आपली मंडळी तिथे पाककृतींपासून पुलंपर्यंत सगळ्यावर भांडायची. तिथे देवनागरीत शोधलंत तर हात हलवत परत याल, कारण तेव्हा लिहिणं रोमन लिपीत होतं, तेही ज्याच्या त्याच्या मर्जीने. पुरणपोळी शोधायची तर एकत्र, तोडून, ‘पु’ला यू लावून, दोन ओ लावून, शेवटी आय, दोन आय, दोन ई, अशी सगळी रूपं टाकावी लागतात. जे आयट्रान्सच्या (देवनागरी रोमन अक्षरांत लिहिण्याच्या एका पद्धतीच्या) नियमाने लिहायचे ते ळ साठी मोठा एल आणि ण साठी मोठा एन वापरत. शोधयंत्राला बहुतेक ठिकाणी लहान-मोठं अक्षर सारखंच, पण दुहेरी अक्षर सारखं नाही. आम्ही वर्गात हा एक शब्द घेऊन अर्धा तास बसलो याचं तुम्हाला हसू आलं. शेवटच्या बाकावरच्या मुलीला मात्र तिच्या प्रबंधासाठी हवा असलेला अख्खा धागा त्यातूनच मिळाला.

आणि शोधून मिळालं नाही म्हणजे लिहिलंच गेलं नव्हतं, असंही समजू नका. ‘एक्स-नो-आर्काइव्ह’ असं हेडर लावलेल्या पोस्टी डेजा साठवत नसे. पण कुणीतरी उत्तर देताना मूळ मजकूर उतरवलेला असतो. म्हणून लेखकाच्या नावाने शोधण्याऐवजी ‘अमुक लिहितात’ या उद्धरणाच्या ओळीने शोधायचं. पोस्ट गेलेली असते, तिची नक्कल दुसऱ्याच्या उत्तरात सापडते.

इन्व्हाइटबद्दल मात्र माझं उत्तर बदलणार नाही. तुम्हाला ज्या बंद साइटवर जायचं होतं तिथला बहुतेक माल कुणाच्या तरी हक्काचा आहे, आणि ते आम्ही शिकवत नाही. त्यात व्यवहाराचाही भाग आहे. ज्या न्यूझबिन या इंडेक्स साइटने एनझेडबी फाइलचा (डाउनलोडसाठी मेसेज-आयडींची यादी असलेल्या फाइलचा) प्रकार आणला तीच साइट २०१० मध्ये लंडनच्या हायकोर्टात सिनेमा स्टुडिओंपुढे हरली. तिची दुसरी आवृत्ती ब्लॉक करण्याचा आदेश २०११ मध्ये बीटी या ब्रिटिश इंटरनेट कंपनीला मिळाला आणि २०१२ च्या अखेरीस तीही बंद पडली. त्याच वर्षी डिसेंबरात एनझेडबीमॅट्रिक्स या दुसऱ्या इंडेक्सनेही शटर ओढलं. तेव्हा कुठल्याही इंडेक्सची ‘लाइफटाइम’ वर्गणी घेऊ नका, हे मी बॅचच्या पहिल्या दहा मिनिटांत सांगतो. लाइफटाइम कुणाचा, ते त्या जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

राहिली फी. पूर्ण परतावा आम्ही पहिल्या सत्राच्या आत मागितला तरच देतो, हे पावतीवर छापलंय. तुम्ही दुपारी गेलात. पण सरावाचं सत्र तुमचं बाकी आहे; पुढच्या बॅचच्या दुपारी येऊन बसा, त्याचे पैसे लागणार नाहीत. येताना त्या शेअरवेअरचं नाव आणि साधारण वर्ष लिहून आणा. नव्वदच्या दशकातलं असेल तर आधी इंटरनेट आर्काइव्हवरच्या जुन्या शेअरवेअर सीडींच्या प्रती बघू, युजनेटकडे नंतर वळू.