मांसाची ॲलर्जी : ‘एक रक्ततपासणी करा आणि मोकळे व्हा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

मांस खाल्ल्यावर त्रास होणाऱ्यांसाठी एक सल्ला सगळीकडे फिरतो आहे. तो थोडक्यात असा : रक्त तपासा, पॉझिटिव्ह आलं तर ॲलर्जी पक्की, मांस आयुष्यभर बंद. आकडा मोठा तर जिवाला धोका मोठा. निगेटिव्ह आलं तर बिनधास्त खा. शक्य असेल तर शेकडो पदार्थांचं आयजीजी (रक्तातल्या एका प्रकारच्या प्रतिपिंडांचं) पॅनलच करा. रक्त उपाशीपोटी द्या, ॲलर्जीच्या गोळ्या आधी थांबवा. एकेक मुद्दा घेऊ.

‘पॉझिटिव्ह म्हणजे ॲलर्जी पक्की.’ तपासणीत मोजतात ते आयजीई, म्हणजे ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंड. ते सापडले म्हणजे शरीराने तो घटक हेरून ठेवलाय, एवढंच. लाल मांसाच्या उशिरा उठणाऱ्या ॲलर्जीत हा घटक म्हणजे अल्फा-गॅल नावाची साखर. माणूस, कपी (चिंपांझी, गोरिला वगैरे) आणि आफ्रिका-आशियातली माकडं सोडता बाकीच्या सस्तन प्राण्यांत ती असते. काही जातींचे गोचीड चावले की तिच्याविरुद्ध आयजीई तयार होतं. त्यामुळे जंगलात काम करणाऱ्यांचा रिपोर्ट बऱ्याचदा पॉझिटिव्ह येतो, आणि त्यातले कितीतरी जण मांस मजेत खात असतात. ०.१ किलोयुनिट प्रतिलिटर हा नेहमीचा उंबरठा ओलांडला, तरी निदानासाठी हकिगत जुळावी लागते : खाल्ल्यावर २ ते ६ तासांनी अंगावर गांधी, पोटात कळा, उलट्या-जुलाब किंवा धाप. कधी नुसतं पोटच बिघडतं, त्वचेवर काही दिसत नाही. दर वेळी त्रास होईलच असंही नाही. चरबी, दारू, व्यायाम यांनी फरक पडतो.

‘आकडा मोठा, धोका मोठा.’ आकड्यावरून ॲलर्जी असण्याची शक्यता कळते, झटका किती जोराचा येईल ते नाही. शिवाय सुटा आकडा फसवतो. अल्फा-गॅलचं आयजीई ०.८ आणि एकूण आयजीई २० असेल तर प्रमाण ४ टक्के. एकूण २००० असेल तर ०.०४ टक्के. रिपोर्टवर दोन्हीकडे ‘०.८, पॉझिटिव्ह’ असंच छापून येतं. प्रमाण २ टक्क्यांच्या वर असेल तर संशय बळावतो. म्हणून एकूण आयजीई त्याच नमुन्यातून मागून घ्यावं.

‘निगेटिव्ह, म्हणजे बिनधास्त खा.’ कशासाठी निगेटिव्ह? चिठ्ठीवर नुसतं ‘मांस’ लिहिलं तर लॅब गोमांस किंवा डुकराच्या मांसाचा अर्क तपासते. अल्फा-गॅल वेगळं लिहून मागावं लागतं. उलट, ते निगेटिव्ह आलं तरी मांसातल्या अल्ब्युमिनसारख्या प्रथिनांची ॲलर्जी उरतेच. मांजराच्या अल्ब्युमिनची ॲलर्जी असलेल्या काहींना डुकराचं मांस बाधतं, आणि तेही बहुधा तासाभरातच. कोंबडी आणि माशांत अल्फा-गॅल नसतेच, त्यामुळे कोंबडी बाधत असेल तर या तपासणीने काहीच उलगडत नाही. तयार अर्काची त्वचाचाचणीही भरवशाची नाही : गांध जेमतेम २ ते ४ मिलिमीटरची उठते आणि नजरेतून सुटते.

‘आयजीजी पॅनल करा.’ पैसे वाया. अल्फा-गॅलविरुद्ध आयजीजी तर प्रत्येक निरोगी माणसाच्या रक्तात असतं, कारण आतड्यातल्या जीवाणूंमुळे ते जन्मभर तयार होत राहतं. इतर पदार्थांचं आयजीजी बहुतेक वेळा ‘हा पदार्थ तुमच्या खाण्यात आहे’ एवढंच सांगतं. युरोप, अमेरिका आणि कॅनडातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी अन्नाच्या ॲलर्जीसाठी ते वापरू नये असं स्पष्ट म्हटलंय.

‘उपाशीपोटी, गोळ्या थांबवून.’ दोन्हींची गरज नाही. अँटिहिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीच्या नेहमीच्या गोळ्या, थांबवतात ते त्वचाचाचणीसाठी. ओमॅलिझुमॅब या आयजीईविरोधी औषधाची इंजेक्शनं चालू असतील तर मात्र डॉक्टरांना सांगा, त्याने एकूण आयजीई फुगतं.

‘आयुष्यभर बंद.’ गोचीड पुन्हा चावले नाहीत तर बऱ्याच जणांचं आयजीई हळूहळू उतरतं. ६ ते १२ महिन्यांनी तपासणी परत करतात. मांस पुन्हा सुरू करायचं ते ॲलर्जीतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, घरी चाखून बघू नये.

या सल्ल्यात एका उपयोगी तपासणीचं नावच नाही : ट्रिप्टेज, म्हणजे ॲलर्जीच्या झटक्यात पेशींतून रक्तात येणारं विकर. झटका आल्यावर, शक्यतो १ ते २ तासांत, रक्त घ्यायचं आणि पूर्ण बरं वाटल्यावर किमान २४ तासांनी पुन्हा. दुसऱ्या आकड्याच्या १.२ पटीत २ (नॅनोग्रॅम प्रतिमिलिलिटर) मिळवून येईल तेवढा किंवा त्याहून जास्त पहिला आकडा असेल तर झटका ॲलर्जीचाच होता याला बळकटी मिळते. आकडा वाढला नाही म्हणून ॲलर्जी नव्हतीच असं मात्र ठरत नाही. आणि या रक्तासाठी उपचार थांबवायचे नाहीत, आधी ॲड्रेनलिनचं इंजेक्शन.